दर हिवाळ्यात अंग उलते, खाजते, टूब लावली की चार दिवस बरं अन् परत तेच – घरच्या घरी काय काय तपासायचं

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजारगावात मेडिकल चालवतो, चौदा वर्षं झाली काउंटरवर बसून. सीतादही (वेचणीच्या आधीची वावरातली पूजा) झाली, कापसाचा पहिला वेचा घरी आला की दुकानात दरवर्षी तेच वाक्य सुरू होते, "भाऊ, मागच्या साली देल्ली होती ते टूब द्या न." कोणती टूब हे त्याले आठवत नाही अन् मलेही नाही, फक्त "लावल्याबरोबर खाज बंद होते ते." आता मागच्या साली दिली, त्याच्या आधीच्या साली पण दिली, म्हणजे ते दुखणं बरं झालंच नव्हतं ना, दबून बसलं होतं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी पण काढून देत होतो, खोटं कशाला बोलू. मग शेजारच्या गावातल्या एक काकू आल्या, त्यांनी तीच टूब आठ महिने दोन्ही पायांना चोळली होती, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झालेली, शिरा दिसत होत्या, अन् खाज मात्र जशीच्या तशी. त्या दिवसापासून मी टूब द्यायच्या आधी प्रश्न विचारतो. तेच प्रश्न इथं लिहून ठेवतोय, ज्याला एक रुपया लागत नाही ते आधी, पैसे लागते ते नंतर, आणि डॉक्टरकडं कधी पळायचं ते शेवटी. शुगरवाल्यांनी मात्र शेवटचंच आधी वाचा.

लक्षणं

शाळेत असताना हिवाळ्यात आपण नडगीवर नखानं नाव लिहायचो, पांढरं उमटायचं, आठवते? तीच पहिली खूण. नखानं हलकी रेघ ओढली की पांढरी भुकटी दिसते. आंघोळ करून बाहेर आलं की पाच-दहा मिनिटांत अंग ओढल्यासारखं होते, विशेषतः गालावर अन् पोटऱ्यांवर. रात्री वाकळेत शिरलं, अंग गरम झालं की खाज सुरू. काळी पँट किंवा लेगिंग काढली की आतून पिठासारखा कोंडा झडतो. ओठ उलतात, बोटांच्या पेरांवर अन् नखाच्या बाजूला बारीक चिरा पडतात ज्याच्यात मीठ-तिखट गेलं की जीव जातो, टाचांना भेगा पडतात. म्हाताऱ्या माणसांच्या नडगीवर तर आटलेल्या तळ्याच्या तळासारख्या चौकटी दिसतात, लाल रेघांच्या. ही पुढची पायरी, तिथं नुसत्या कोरडेपणातून इसब सुरू होत असते.

साध्या कोरडेपणाची एक ओळख लक्षात ठेवा. तो दोन्ही पायांवर, दोन्ही हातांवर जवळपास सारखा असतो, पसरलेला असतो, त्याला कड नसते, दिवाळी झाली की हळूहळू वाढत जाते अन् होळीपर्यंत आपोआप कमी होते. एकच चट्टा असेल, त्याला कड असेल, एकाच बाजूला असेल, घरातल्या तिघा-चौघांना एकदम खाज असेल तर हे खालचे उपाय करत बसू नका, डायरेक्ट शेवटी जा.

हे होते काऊन ते थोडक्यात सांगतो म्हणजे पुढचं पटेल. कुडाची भिंत पाहिली आहे ना, पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) नाही तर तुराट्या उभ्या करायच्या अन् वरून माती-शेणानं सारवायचं. कातडीचा वरचा थर तसाच. पेशी म्हणजे तुराट्या, अन् त्यांच्या मधात जे तेलकट द्रव्य भरलेलं असते ते सारवण. ते सारवण निघालं की भिंतीला फटी पडतात, आतलं पाणी बाहेर उडते अन् बाहेरची धूळ, साबण, फवारणीचं औषध आत शिरते. हिवाळ्यात आपल्याकडं उत्तरेकडून कोरडा वारा सुटतो, हवेत ओल नसते, त्यामुळं पाणी जास्तच उडते. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता, त्या आठवड्यात माझ्याकडची व्हॅसलीनची सगळी डबडी दोन दिवसांत संपली होती. पण वारा आपल्या हातात नाही. सारवण कोण धुऊन नेत आहे ते आपल्या हातात आहे, अन् बहुतेक वेळा तो चोर न्हाणीतच सापडतो.

पहिलं, पाणी किती गरम आहे ते पहा (खर्च शून्य)

चुलीवर गंजभर (पातेलंभर) पाणी कढत करायचं अन् हात भाजेल असं अंगावर घ्यायचं, ही आपली हिवाळ्यातली आंघोळ. खरं सांगतो, त्या वेळी खाजेवर इतकं बरं वाटते की बस, पण तेच कढत पाणी ते सारवण विरघळवून नेते. तुपाचं भांडं थंड पाण्यानं निघत नाही अन् गरम पाण्यानं लगेच निघते, तेच इथं होते. कोपर बुडवून पहा, लहान लेकराला घालता तसं कोमट असलं पाहिजे. वेळ पाच ते दहा मिनिटं, त्याच्यापेक्षा जास्त नाही.

माझ्याकडं येणाऱ्यांपैकी मी पहिल्यांदा फक्त एवढंच बदलायला सांगतो, आठ दिवस. लोक हसतात, "टूब मागायला आलो अन् हा आंघोळ शिकवून राह्यला." पण आठ दिवसांनी निम्म्याच्या वर लोक सांगतात की रात्रीची खाज कमी झाली. हा माझ्या काउंटरवरचा अंदाज आहे, कोणी मोजलेलं नाही.

इथंच शेकोटीचं पण बोलून घेतो. सकाळ-संध्याकाळ नडग्या आगीजवळ धरून बसलं की कातडी अजून सुकते, अन् रोज रोज तसं केलं तर पायावर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. आमच्या पारावरच्या अर्ध्या म्हाताऱ्यांच्या नडग्यांवर ते आहेत अन् ते त्याला "वय" म्हणतात. वय नाही, शेकोटी आहे. दोन हात मागं सरकून बसा अन् पायावर धोतर-पांघरूण असू द्या.

दुसरं, साबण कुठं कुठं लावता (खर्च शून्य, उलट साबण वाचतो)

काख, जांघा, पावलं, मान, बस. हात-पाय-पाठ-पोट यांना रोज साबण लागत नाही, कोमट पाणी पुरते. वावरातून चिखल-धूळ घेऊन आलात तर लावा, त्याचं काही नाही, पण हिवाळ्यात घरीच बसलेल्या आजीच्या नडगीला रोज वडी घासायचं कारण काय? साबण अल्कली असतो, पीएच ९-१० च्या आसपास, अन् आपली कातडी थोडी आम्लाकडं, ५ च्या आसपास. रोज रोज तो मेळ बिघडवला की सारवण जमत नाही.

वेष्टनावर टीएफएम (साबणातला एकूण चरबीचा भाग) लिहिलेलं असते. ७६ टक्के किंवा वर म्हणजे ग्रेड १, ७० म्हणजे ग्रेड २, ६० म्हणजे ग्रेड ३, अन् 'बेदिंग बार' लिहिलेल्या वडीत तर ते ४० पर्यंत खाली चालते. लोकांना वाटते ७६ वाला म्हणजे कातडीला चांगला. तसं नाही न, तो आकडा साबणात साबण किती ते सांगतो, सौम्य किती ते नाही. कोरड्या अंगाला ग्लिसरीनवाली वडी किंवा 'सोप फ्री', 'सिंडेट' लिहिलेली वडी बरी. ती महाग असते, मान्य आहे, म्हणून तर म्हणतो चार जागीच लावा, दोन महिने जाते.

या गोष्टी बंद करा: कपड्याच्या वडीनं किंवा पावडरनं हातपाय धुणं (हे अजूनही खूप चालते, वावरातल्या हौदावर ठेवलेली असते ना), प्लास्टिकच्या जाळीनं अंग घासणं, बादलीत अँटिसेप्टिकचं झाकण टाकणं. अन् बेसन, मुलतानी माती, वाळवलेल्या संत्र्याच्या सालीची भुकटी, हे सगळं तेल शोषणारं आहे, तेलकट चेहऱ्याच्या पोरीला ठीक, उललेल्या गालावर नाही.

तिसरं, पाणी कोणतं आहे

बोअरचं पाणी जड असलं की साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण अजून साबण घासतो, अन् पाण्यातला चुना अन् साबण मिळून एक चिकट थर कातडीवर बसतो तो धुऊन जात नाही, खाजवतो. ओळख सोपी आहे, गंजाच्या बुडाला पांढरी खपली धरते, डाळ शिजायला वेळ लागते. अकोला, अमरावती, बुलढाण्यात पूर्णेच्या काठानं जो खारपाणपट्टा आहे तिथल्या लोकांना हे सांगायची गरज नाही, त्यांचं तर पाणीच खारं. आता आंघोळीसाठी फिल्टर बसवा असं मी सांगणार नाही, कोणाजवळ एवढे पैसे आहेत. गावात नळयोजनेचं किंवा एखाद्या विहिरीचं गोडं पाणी मिळत असेल तर शेवटचे दोन मग्गे त्या पाण्याचे घ्या, एवढं जमते. नाही जमलं तर साबण कमी करणं हाच उपाय.

चौथं, तेल कधी लावता

इथं सगळ्यात जास्त लोक चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपली पद्धत म्हणजे आधी अंगाला तेल चोळायचं, मग कढत पाणी अन् साबण. म्हणजे लावलेलं तेल साबणानं काढून टाकलं, जाता जाता आतलं पण थोडं नेलं. अन् दुसरी पद्धत, आंघोळ करून, अंग खसाखसा पुसून, कपडे घालून, चहा पिऊन, मग दुपारी आठवलं की कोरड्या कातडीवर तेल. हे पण वाया जाते, कारण तेलात पाणी नसते. तेल पाणी देत नाही, असलेलं पाणी अडवते. कोरड्यावर झाकण ठेवलं तर आत काय राहणार?

कास्तकाराला हे एका वाक्यात समजते. पाऊस पडून वाफसा आला की आपण डवरा (कोळपं) फिरवतो, कारण जमिनीत ओल आहे तोवरच ती मोडून झाकायची असते, जमीन फाटल्यावर डवरून उपयोग नाही. कातडीचं पण तसंच. आंघोळ झाली की पंचानं टिपून घ्या, घासू नका, अंग जरा ओलसर असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत, न्हाणीतच उभं राहून जे काही लावायचं ते लावा. गुडघ्याखाली एका पायाला साधारण एक छोटा चमचा लागते, बोटाच्या टोकावर घेऊन भागत नाही. वरून खाली, लव आहे त्या दिशेनं. परत झोपायच्या आधी एकदा. माझ्या आईच्या नडगीला पाच वर्षं वेगवेगळी क्रीम आणून दिली, दुकान घरचंच, शेवटी फरक पडला तो डबी न्हाणीच्या कोनाड्यात नेऊन ठेवली तेव्हा.

(अन् कोणीतरी सांगणारच की पाणी जास्त प्या. प्या, चांगलंच आहे, पण दोन गुंड पाणी प्यायल्यानं नडगीचा कोंडा जात नाही. पिलेलं पाणी वरच्या थरात टिकवायला झाकण लागतेच.)

पाचवं, लावता काय (इथून पैसे सुरू)

खोबरेल तेल घरात असतेच, त्यानं सुरुवात करा, साध्या कोरडेपणाला ते चांगलं चालते. वास येणारं, थंडा-थंडा करणारं कापूरवालं तेल नको, ते उललेल्या कातडीला झोंबते. जवसाचं तेल आपल्याकडं खाण्यात आहे, अंगाला लावलं तर चिकट होऊन वास धरते, खाल्लेलंच बरं. गडचिरोली-गोंदियाकडं मोहाच्या टोळीचं (बियांचं) तेल पायाला लावतात, घट्ट असते, टाचेला ठीक आहे.

खोबरेलानं भागलं नाही तर पांढरं पेट्रोलियम जेली, ज्याला आपण कोणत्याही कंपनीचं असलं तरी व्हॅसलीनच म्हणतो. पाणी अडवण्यात त्याच्यासारखं स्वस्त दुसरं काही नाही. चिकट असते ही तक्रार बरोबर आहे, म्हणून रात्री लावा. सावधगिरी एकच, तेल-व्हॅसलीन मुरलेले कपडे आग लवकर धरतात, तसल्या लुगड्यानं-स्वेटरनं चुलीजवळ, शेकोटीजवळ जपून. अन् टाइल्सवर पाय घसरतो.

ग्लिसरीन निखळ लावू नका, चिकट राहते अन् कोरड्या हवेत उलट चुरचुरते. पाण्यात किंवा गुलाबपाण्यात मिसळून, ओल्या अंगावर, अन् वरून थोडं तेल.

त्याच्यावरची पायरी म्हणजे युरिया असलेली क्रीम. अंगाला १० टक्क्यांची, टाचेला २० ते २५ टक्क्यांची. युरिया आपल्या कातडीत मुळातच थोडा असतो, तो पाणी धरून ठेवतो अन् जाड कातडी नरम करतो. हे मी एकदा एका कास्तकार भावाला समजावून सांगितलं तर तो म्हणे, "मंग दीडशे रुपये कायले देऊ, घरी बॅग पडली आहे न ४५ किलोची." हसू नका, तो बादलीत मूठभर टाकून पाय बुडवायच्याच तयारीत होता. खताचा युरिया वेगळा, त्याला निंबोळी तेलाचा लेप असतो, तो कातडीसाठी शुद्ध केलेला नसतो अन् बादलीत किती टक्के झाला ते तुम्हाला समजणार नाही. तो पऱ्हाटीलाच द्या. क्रीमवाला युरिया पण उघड्या, रक्त येणाऱ्या भेगेवर लावला की आग होते, आधी दोन-चार दिवस व्हॅसलीननं भेग मिटवा मग हा. लहान लेकरांना विचारल्याशिवाय नको.

सहावं, हात-पाय कशात घालता

अंग बरं झालं पण हात-टाचा तशाच, असं असेल तर कामाकडं पहा. कापूस वेचताना बोंडाची वाळलेली टोकं बोटांना सारखी ओरबाडतात, दिवसभर, अन् बोटाची टोकं उलतात. बाया बोटांना चिंध्या बांधतात ते अगदी बरोबर करतात, मेडिकलवर कापडी चिकटपट्टी मिळते ती अजून बरी, सकाळी व्हॅसलीनचं बोट फिरवा अन् वरून पट्टी. हरभऱ्यात तर आंब असते, पानांवरच्या लवेतून आम्ल पाझरते, दवाच्या वेळी अनवाणी गेलं की टाचेच्या भेगा चरचरतात ते त्याच्यामुळं. दव उडाल्यावर जा, पायात काहीतरी घाला, अन् घरी आल्यावर साध्या पाण्यानं पाय धुवा. भांडी राखेनं घासणाऱ्या बायांचे अन् सिमेंट-चुन्यात काम करणाऱ्या मिस्त्रींचे हात अल्कलीनं उलतात, तिथं रबरी हातमोजे नाही घातले तर जगातली कोणतीही क्रीम पुरणार नाही. सिमेंटची तर ॲलर्जी पण होते.

फवारणीचं वेगळं सांगतो. उललेल्या हातानं कीटकनाशक कालवू नका. फटी पडलेल्या कातडीतून ते जास्त आत जाते. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली ते आपण पाहिलं आहे.

टाचेच्या भेगांसाठी माझा ठरलेला कार्यक्रम: रात्री कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय, वजरीनं हलक्या हातानं घासा, रोज नाही, आठवड्यातून दोनदा. पुसा, ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा २५ टक्के युरिया, वरून सुती मोजे घालून झोपा. चार ते सहा आठवडे धरून करा, टाचेची कातडी जाड असते, एका आठवड्यात काही दिसत नाही. ब्लेडनं कातडी कापायची नाही, गरम मेण ओतायचं नाही, चिकटवायचा झटपट गोंद भेगेत भरायचा नाही (हो, भरतात). अन् मागून उघडी असलेली स्लीपर बदलून टाच झाकणारं काही घातलं तर अर्धं काम तिथंच होते. शुगर आहे त्यांनी वजरी पण नको, सॅलिसिलिक ॲसिडचं मलम तर अजिबात नको, पायाला समजत नाही अन् जखम होते.

सातवं, घरात कोणती टूब पडली आहे

आतापर्यंतचं सगळं करून पण दबते-उठते, दबते-उठते असं चाललं असेल तर कपाटातली टूब काढा अन् मोबाइलनं फोटो मोठा करून नावं वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यातलं काही असलं तर ते स्टिरॉइड आहे. डॉक्टरनं सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावलं तर ते चांगलं औषध आहे, इसबाला लागतेच. पण साध्या कोरडेपणाला ते पाणी देत नाही, झाकण पण होत नाही, फक्त खाज दाबते अन् महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ करते. गजकर्णावर लावलं तर लाली जाते, बुरशी मजेत पसरते, अन् मग ते ओळखू पण येत नाही. २०१८ मध्ये सरकारनं अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं केलं आहे. तरी मिळतात, कशी ते मला विचारू नका, मी त्याच धंद्यात आहे. बरेच महिने लावत असाल तर एकदम बंद केल्यावर लाली-आग उसळू शकते, म्हणून डॉक्टरला दाखवून सोडा. तोंडाला लावत असाल तर आजच दाखवा.

खाजेची गोळी पण तशीच. झोप आणते, खाज विसरायला लावते. रात्री उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ती देऊ नका, तोल जाऊन पडतात.

हे कोरडेपण नाहीच, इथं थांबा

रात्री जीवघेणी खाज, बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला, जांघेत पुरळ, अन् घरातल्या इतरांना पण सुरू झाली, म्हणजे खरूज. तेल लावून जाणार नाही. डॉक्टर देईल ते औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं असते, खाज नसलेल्यानं पण, अन् कपडे-पांघरुणं गरम पाण्यातून काढायची. एकट्यानं लावलं की पंधरा दिवसांत परत, मग नाव माझ्या औषधाला.

गोल, कड उठलेली, मधात कोरडी, जांघेत किंवा कमरेला, म्हणजे गजकर्ण.

तोंड, मान, पापण्या, कोपराच्या खोलगट भागात कातडी जाड, काळपट, कोरडी, अन् गाजरगवत उपटल्यावर किंवा नुसतं त्या धुऱ्यावरून (बांधावरून) गेल्यावर वाढते, ही गाजरगवताची ॲलर्जी. १९५५ च्या सुमारास पुण्याकडं पहिल्यांदा दिसलेलं हे गवत आज आपल्या प्रत्येक धुऱ्यावर आहे. उडणाऱ्या कणांनी पण होते, म्हणून वावरात न जाणाऱ्याला पण होऊ शकते.

लहानपणापासूनच नडगीवर माशासारखे खवले, बापाला पण तसेच, तळहातावर रेघा जास्त, ही जन्मजात ठेवण आहे. पूर्ण जात नाही, पण वरचं सगळं केलं की चांगली आटोक्यात राहते. अशा पोराला शाळेत कोणी "मळकट" म्हणत असेल तर मास्तरला जाऊन सांगा, तो मळ नाही, घासून निघणार नाही.

मान, हाताची मागची बाजू, जिथं ऊन लागते तिथंच काळपट खवले, सोबत हगवण, चिडचिड, अन् माणूस दारू पिणारा, जेवण कमी, तर ती जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, दवाखाना.

अन् हे नीट वाचा. एखादा चट्टा आजूबाजूपेक्षा फिकट किंवा तांबूस, कोरडा, तिथं घाम येत नाही, लव कमी, खाज नाही. डोळे मिटायला सांगून कापसाची वात तिथं हलकेच टेकवा, समजलं नाही तर ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकते. एक आबाजी माझ्याकडं मनगटावरच्या अशाच कोरड्या चट्ट्यासाठी व्हॅसलीन मागायला आले होते, तिथं बिडीचा चटका लागलेला, अन् त्यांना माहीतच नाही. विदर्भाला हा आजार नवा नाही, १९३६ पासून वर्ध्याजवळ दत्तपूरचं कुष्ठधाम आहे, तसंच अमरावतीला तपोवन आहे, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन आहे. फरक एवढाच की आता गोळ्या आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट, प्रकार पाहून सहा महिने किंवा बारा महिने, अन् लवकर धरलं तर बोटं वाकत नाहीत. आशाताईला सांगितलं तरी ती घेऊन जाते. आबाजींच्या गोळ्या संपल्या मागच्या तिळसंक्रांतीला.

डॉक्टरकडं कधी

वरचे पहिले पाच उपाय प्रामाणिकपणे दोन आठवडे करून काहीच फरक नाही. खाजेनं झोप लागत नाही. पाणी-पू येतो, पिवळी खपली धरते, आजूबाजूला लाल-गरम होऊन सूज येते, ताप येतो. शुगर आहे अन् पायाला कुठलीही भेग-जखम आहे, तिथं दोन आठवडे पण थांबू नका, त्याच दिवशी जा. कातडी पूर्ण अंगावर लाल होऊन सालपटं निघत आहेत, ही इमर्जन्सी आहे. तान्ह्या लेकराचे गाल-कोपर लाल होऊन चिघळतात. अन् कातडीवर काहीच दिसत नाही पण अंगभर खाज, सोबत थकवा, वजनात फरक, डोळे पिवळे, पायावर सूज, तर रक्त तपासायला लागते, शुगर, थायरॉइड, किडनी, लिव्हर.

गावातल्या इंजेक्शनवाल्याकडं थांबू नका, तो स्टिरॉइडचंच इंजेक्शन मारेल अन् महिन्याभरानं आपण परत इथंच. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून लागलं तर यवतमाळ, अकोला, नागपूर, चंद्रपूर, गोंदिया इथली सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज आहे, सगळीकडं चामडीचा विभाग असतो. जाताना आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या टूब, रिकाम्या पण, अन् चालू असलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्या एका पिशवीत टाकून न्या, अन् त्या दिवशी सकाळी चट्ट्यावर काही लावू नका, नाही तर डॉक्टरला व्हॅसलीनच दिसते.